तो लेख कुठेच नव्हता

ग्रंथालयाच्या ऑनलाइन संदर्भ सेवेवर मला बसवलं तेव्हा तालिका, वर्गांक, डेटाबेस यांचा सराव झालेला होता. चॅटचा नव्हता. समोर उभा असलेला वाचक दिसतो. घाईत आहे, गोंधळलाय की रडकुंडीला आलाय, हे त्याला विचारावं लागत नाही. चॅटमध्ये येते ती फक्त एक ओळ. आणि आपण शोधत असतो तेव्हा आपली धडपड वाचकाला दिसत नाही. दोन मिनिटं काही उमटलं नाही की त्याला वाटतं, पलीकडे कोणी नाहीच. म्हणून आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "उत्तर सापडायला वेळ लागू दे, पण काय करते आहेस ते दर दोन मिनिटांनी लिहीत जा."

चौथ्या आठवड्यातली संध्याकाळ होती. ओळ आली, "हा लेख पूर्ण मिळेल का?" खाली संदर्भ दिलेला होता : तीन लेखक, 2016 साल, नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, पृष्ठ क्रमांक आणि डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांकसुद्धा. विषय होता ऐकू न येणाऱ्या बाळांचा भाषाविकास. इतका नेटका संदर्भ वाचकाकडून क्वचितच येतो. मी लिहिलं, "हो, पाच मिनिटं द्या."

डीओआय उघडला. नियतकालिक तेच, पण लेख दम्यावरचा. एखादा आकडा चुकला असेल म्हणून शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधलं, काही नाही. मग त्या खंडाची अनुक्रमणिका उघडली. दिलेली पृष्ठं दुसऱ्याच एका लेखाच्या मधोमध येत होती. तिघांपैकी दोन लेखक खरे होते, याच विषयात काम करणारे. पण दोघांच्याही प्रकाशनांच्या यादीत हा लेख नव्हता. दर दोन मिनिटांनी मी "अजून शोधते आहे" लिहीत होते. अशी चाळीस मिनिटं गेली.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. पडदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "हा संदर्भ त्यांना कुठून मिळाला, विचारलंस?"

नव्हतं विचारलं. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी 1968 मध्ये मांडलेलं मला चांगलं ठाऊक होतं : माणसाची गरज आधी नुसती आत जाणवते, मग धूसर आकार घेते, मग शब्दांत येते आणि ग्रंथालयापर्यंत पोचताना 'इथे जे मिळेल' त्या मापाची होऊन येते. आमच्या हाती पडतो तो हा चौथा अवतार. त्यामागे जायचं तर प्रश्न विचारावे लागतात. "पण 'का हवाय' असं विचारू नकोस," मॅडम म्हणाल्या. "त्यात उलटतपासणी वाटते. 'या लेखात काय सापडेल असं वाटतंय' असं विचार."

मी दोन्ही प्रश्न लिहिले. उत्तर यायला वेळ लागला.

"एआयला विचारलं होतं, त्याने दिला. माझ्या बाळाला ऐकू येत नाही असं गेल्या आठवड्यात कळलं. तो बोलेल का, एवढंच मला बघायचं आहे."

या बाई कोण, कुठल्या, मला माहीत नाही आणि ओळख पटेल असं काही इथे लिहिलेलं नाही. पण ती ओळ वाचून माझा हात कीबोर्डवरून खाली आला होता, हे खरं आहे.

त्यांना मी स्पष्ट सांगितलं की तो लेख अस्तित्वातच नाही. संदर्भ खऱ्यासारखा दिसतो, पण रचलेला आहे आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मग शोध नव्याने सुरू केला. शीर्षकामागे न धावता पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये विषयशीर्षकं घेतली : श्रवणदोष, भाषाविकास, अर्भक. निघालेल्या लेखांच्या शेवटच्या संदर्भयाद्या चाळू लागले, तर त्यांत एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं : क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांचा 1998 चा अभ्यास. श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेलेली 72 मुलं आणि त्यानंतर ओळखला गेलेली 78 मुलं यांची त्यात तुलना होती. लवकर ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा पुढे लक्षणीय चांगली निघाली होती. सारांशाचा दुवा मी पाठवला. खरा लेख हाती लागल्याचं समाधान होतं.

पलीकडून आलं, "माझा सात महिन्यांचा आहे. म्हणजे उशीर झाला?"

दुवा पाठवण्याआधी मी बाळाचं वय विचारलं नव्हतं. ते आजही मला लागतं.

'नाही हो, काही उशीर नाही' असं लिहावंसं फार वाटलं. मॅडमनी मान हलवली. आरोग्याच्या प्रश्नात आम्ही माहिती शोधून देतो. तिचा या बाळासाठी अर्थ काय, हे सांगायचा अधिकार आमचा नाही. पण तेवढंच सांगून खिडकी बंद करणं हा कोरडेपणा झाला असता. आम्ही दोघींनी मिळून उत्तर लिहिलं : "याचं उत्तर मी देऊ शकत नाही, ते तुमच्या बाळाला तपासणारेच देऊ शकतील. अभ्यासातले आकडे दोन गटांच्या सरासरीचे आहेत. एकेका मुलाचं पुढे काय होईल हे त्यावरून ठरत नाही. त्या मुलांना निदानानंतर सरासरी दोन महिन्यांत मदत सुरू झाली होती, हेही त्यात नोंदलं आहे. तपासणीला जाताना काय विचारायचं, त्याची यादी आपण आत्ता करूया का?"

"करूया," त्यांनी लिहिलं.

मेडलाइनप्लस या सामान्य वाचकांसाठीच्या आरोग्यमाहितीच्या संकेतस्थळावरची श्रवणदोषाची पानं उघडून आम्ही एकेक प्रश्न लिहीत गेलो. दोष किती आणि दोन्ही कानांत सारखाच का? श्रवणयंत्र कधी लावता येईल? कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा) विचार कधी करतात? तोवर घरी आम्ही काय करायचं? खुणांची भाषा आत्तापासून शिकायची का? शेवटचे दोन त्यांचे स्वतःचे होते आणि माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगले होते. एकूण नऊ झाले. शेवटी "आणखी काही मदत हवी आहे का?" हे आमचं ठरलेलं वाक्य मी या वेळी वापरलं नाही. "तपासणीनंतर काही वाचायला हवं असेल तर पुन्हा या," असं लिहिलं.

"यादी छापून घेतली," एवढं आलं आणि चॅट बंद झालं.

प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवावी लागते. प्रश्नाच्या प्रकाराच्या रकान्यात मी सुरुवातीलाच 'लेखाची मागणी' लिहून ठेवलं होतं. ते खोडलं. दुसरं काय लिहावं ते सुचेना, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "त्यांची ओळ आहे तशीच लिही." मी लिहिलं : 'तो बोलेल का.' वेळेच्या रकान्यात एक तास पन्नास मिनिटं.