चाळीत ८५ अंश

गेल्या वर्षी जूनमध्ये रात्री पावणेदोनला फोन वाजला. मीच लिहिलेल्या कॉम्प्युटर स्क्रिप्टचा मेसेज होता: चाळ, सेन्सर ६, तापमान ८५.००० अंश. मी नाशिकला सिडकोत, कांद्याची चाळ निफाड तालुक्यात आमच्या मळ्यात. अर्धवट झोपेत एवढंच कळलं की ८५ अंशाला कांदा शिजतो. नानांना फोन लावला.

बाहेर पाऊस. नाना डोक्यावर गोणपाट घेऊन, बॅटरी घेऊन चाळीकडे गेले. पट्ट्यांच्या फटीतून कोपरापर्यंत हात आत घातला आणि फोनवर म्हणाले, "गार लागतोय रे. झोप." त्यापुढे आणखी एक शब्द म्हणाले, तो इथे लिहीत नाही.

ही भानगड सुरू कशी झाली ते सांगतो. उन्हाळ कांदा आम्ही एप्रिलमध्ये चाळीत भरतो आणि भाव बघत बघत दिवाळीपर्यंत काढतो. साठवणीला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता बरी. पण हे झालं हवेचं. ढिगाच्या पोटात एखादा कांदा सडला की तिथे ऊब धरते, शेजारचे चार सडतात, आणि बाहेरून काही कळत नाही. वास येईपर्यंत दोन-चार क्रेट गेलेले असतात. मी कारखान्यात ऑटोमेशनच्या मेंटेनन्सला आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनींना सेन्सर लावतो. म्हटलं, घरच्या चाळीला का नको?

पहिला प्रयोग कपाटात पडलेल्या जुन्या राऊटरवर केला. त्यात ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची लिनक्स प्रणाली टाकली की तोही एक छोटा लिनक्स बोर्डच. पण सेन्सरची तार जोडायला पिन लागते, आणि राऊटरमध्ये 'रिकामी पिन' ही चीज फसवी असते. बाहेर काढलेली अशी पिन नव्हतीच, म्हणून एका एलईडीची पिन पळवायची ठरवली. तर कर्नेलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एलईडीचा ड्रायव्हर ती आधीच धरून बसलेला. त्याला उठवलं, तर बोर्डावरचा एलईडी आणि त्याचा रेझिस्टर त्याच रेषेवर लटकलेले, ते सिग्नल ओढून धरायचे. तांदळाच्या दाण्याहून बारीक तो रेझिस्टर काढताना शेजारचा ट्रॅकही उचकटला. दोन रविवार गेले. मग शहाणपण सुचलं आणि रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू हा एका बोर्डावरचा छोटा संगणक आणला, पुढे त्याला नुसता 'पाय' म्हणतो. त्यावर ४० जागा उघड्या असतात, पिना तेवढ्या आपण सोल्डर करायच्या.

सेन्सर डीएस१८बी२०, स्टीलच्या नळीतला. उणे ५५ ते १२५ अंश मोजतो, आणि मोजमाप आतल्या आतच आकड्यात बदलून पाठवतो. त्यामुळे तार लांबली म्हणून तापमानाचा आकडा घसरत नाही. तारा तीन: वीज, जमीन (ग्राउंड), डेटा. एकाच डेटा तारेवर अनेक जण बसू शकतात, कारण प्रत्येकाला कारखान्यातूनच ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक मिळालेला असतो. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकली की कर्नेल जीपीआयओ ४ वर, म्हणजे ४० पैकी ७ नंबरच्या पिनेवर, शोध सुरू करतो आणि प्रत्येक सेन्सरचा एक फोल्डर उभा करतो. त्याचं नाव २८ ने सुरू होतं. फोल्डरमधली फाइल उघडली की पहिल्या ओळीच्या शेवटी 'येस' किंवा 'नो', दुसऱ्या ओळीच्या शेवटी तापमान, हजारने गुणलेलं. २९६८७ म्हणजे २९.६८७ अंश. इतकं सरळ की पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, झालं काम.

डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. तो एकदा विसरलो, तर २८ ऐवजी ०० ने सुरू होणारे फोल्डर उगवू लागले, दर मिनिटाला नवा. एकही सेन्सर जोडलेला नसताना. असे ०० वाले दिसले की कोड वाचत बसू नका, रेझिस्टर बघा. आणि तो ५ व्होल्टला चुकूनही जोडू नका. सेन्सरला ५ व्होल्ट चालतात, पायच्या पिनेला नाही.

आठ सेन्सर घेतले. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून सगळे बुडवले. सात जण शून्याच्या आसपास अर्ध्या अंशात होते, एक मात्र १.२ वर अडून बसला. बाजारात नकली चिप भरपूर आहेत, हा त्यातलाच असावा. तेवढे त्याच्या आकड्यातून वजा करतो. मग कोणता क्रमांक कोणाचा हे ठरवायला आईला बसवलं. तिने एकेक नळी मुठीत धरायची, मी खोलीतून स्क्रीन बघत ओरडायचं, "हां, हा चढला!" प्रत्येक नळीवर बहिणीच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले, एक ते आठ. आई मध्येच म्हणाली, "मला ताप आहे का तेपण सांग यात."

टेबलावर वीतभर तारेवर सगळं चालतं. खरी परीक्षा चाळीत. पाय बाजूच्या खोलीत, सगळ्यात लांबचा सेन्सर सोळा मीटरवर. मी पायपासून आठ वेगवेगळ्या तारा आठ दिशांना नेल्या, झाडाच्या फांद्यांसारख्या. दिसायला नीटनेटकं, पण कधी आठ सापडायचे, कधी तीन. प्रत्येक फांदीच्या टोकावरून सिग्नल उलटा आपटून येतो आणि दुसऱ्यांच्या बोलण्यात मिसळतो. इथे एकेक बिट ६० मायक्रोसेकंदांत उरकायचा असतो, आणि वाचणाऱ्याने पहिल्या पंधरातच रेषेकडे बघायचं असतं. सगळं उपसलं आणि एकच नेटवर्क केबल चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. डेटा आणि जमीन एकाच पिळाच्या जोडीत, वीज दुसऱ्या जोडीतल्या एका तारेवर, वाटेत वीतभराचे फाटे. रेझिस्टर २.२ किलोओहमचा केला. मग आठही जण आठवडाभर गुमान हजेरी देत राहिले.

आणि मग तो ८५ आला.

दुसऱ्या रात्री पुन्हा. तोच सहा नंबर. पहिल्या ओळीत 'येस'. हा 'येस' म्हणजे सीआरसी (निरोप तपासायचा आकडा) जुळली, निरोप वाटेत फाटला नाही, एवढंच. मी मात्र त्याचा अर्थ 'तापमान बरोबर आहे' असा धरून बसलो होतो. चिपच्या माहितीपत्रकात साफ लिहिलंय की वीज मिळताच तिच्या आतल्या रजिस्टरमध्ये +८५ अंश हा आकडा असतो, मोजणी पूर्ण होईपर्यंत तोच राहतो. म्हणजे सेन्सर सांगत होता की मी आत्ताच जागा झालोय, अजून काही मोजलेलं नाही. आणि हेच तो बिनचूक पोचवत होता.

पण दर वेळी आत्ताच कसा जागा होतो? रविवारी मल्टिमीटर घेऊन चाळीत बसलो. सहा नंबरच्या लाल तारेवर बरोबर ३.३ व्होल्ट. पुन्हा बघितलं, ३.३. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की मीटरची टोकं मीच जोर देऊन दाबतोय आणि त्या दाबानेच जोड जुळतोय. हात हलका केला की आकडा गायब. तारा नुसत्या पीळ देऊन इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड, माझाच. टेप सोडला तर तांबं काळं पडलेलं.

गंमत अशी की लाल तार सुटली तरी ही चिप मरत नाही. डेटा तारेवरून चोरट्याने थोडा करंट घेऊन तगून राहते, नाव विचारलं तर सांगतेही. पण तापमान मोजताना तिला दीड मिलिअँपपर्यंत लागतो. ३.३ व्होल्ट आणि २.२ किलोओहम म्हणजे तार अगदी जमिनीला टेकवली तरी दीडच मिलिअँप, आणि तेव्हा चिपच्या वाट्याला व्होल्टेज शून्य. उपाशी गड्याला नाव विचारलं तर सांगेल, पोतं उचल म्हटलं तर चक्कर येऊन पडेल. तसं ती मोजायला लागली की कोसळायची, पुन्हा उठायची, आणि रजिस्टरमध्ये ८५.

सगळे जोड सोल्डर केले, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. नेटवर बहुतेक जण सांगतात, ८५ आला की स्क्रिप्टमध्ये गाळून टाका. मला ते पटत नाही. गाळायचा, पण मोजायचा. माझी स्क्रिप्ट रोज सकाळी कळवते की कोणी किती वेळा ८५ आणि किती वेळा 'नो' दिला. कारण ८५ देणारा आज उपाशी आहे, उद्या तो बोलणारच नाही. याच हिशेबात दिसलं की 'नो' विशिष्ट वेळांना झुंडीने येतात. थ्री फेज येऊन विहिरीवरची मोटर सुरू व्हायची त्या वेळा. केबल स्टार्टरच्या वायरीलगत गेली होती, ती तिथून हलवली.

नंतर एका रेषेच्या दोन केल्या. जीपीआयओ १७ रिकामीच होती, कॉन्फिगमध्ये आणखी एक ओळ घालून चार सेन्सर तिच्यावर नेले. डेटा तार जमिनीला चिकटली तर त्या रेषेवरचे सगळे मुके होतात, आणि चाळीत उंदीर आहेतच. सप्टेंबरात एकाने केबल कुरतडली तेव्हा चार गेले, चार बोलत राहिले.

ऑगस्टमध्ये तीन नंबर दोन दिवसांत २९ वरून ३२ वर चढला, शेजारचे जागच्या जागी. मी फोन केला. नाना म्हणाले, "वास मला कालच आलाय. पण कुठून येतो ते कळंना." मधल्या खांबाजवळ उकरलं, दीड क्रेट पाणी सुटलेला कांदा निघाला.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "ते वास मोजायचं काही मिळतं का रे?"

मिळतं. एमक्यू-१३५ नावाचा सेन्सर अमोनिया ओळखतो, चुलीचा धूरही त्याला अमोनियासारखाच वाटतो ही वेगळी गोष्ट. पण त्याचं उत्तर अॅनालॉग, म्हणजे आकडा नाही, कमीजास्त होणारं व्होल्टेज, आणि पायला अॅनालॉग पिन एकही नाही. त्या व्होल्टेजचा आकडा करणारी एमसीपी३००८ चिप मागवली आहे. ती जिथे जोडायची त्या एसपीआयच्या पाचही पिना अजून रिकाम्या आहेत.