चाळीस रुपयांची लीड

लीड्स, म्हणजे गिऱ्हाईक होऊ शकतील अशा लोकांची नावं-नंबर, विकणाऱ्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, एकदम फ्रेश डेटा आहे, बडोदा सिटीचा." दुसरं वाक्य भाव. मी भावाकडे जायच्या आधी विचारतो, या लोकांनी नंबर कुठे दिला, कधी दिला आणि कोणती जाहिरात बघून दिला? बरेचसे इथेच "मॅनेजरला विचारून सांगतो" म्हणतात आणि परत उगवत नाहीत.

माझं काम छतावरच्या सोलरचं. ऑफिस वाघोडिया रोडला, घर दांडिया बाजारात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्य घर योजना आली, तीन किलोवॅट आणि त्यापुढच्या सिस्टीमला ७८,००० रुपये सबसिडी जाहीर झाली, आणि सोलरच्या लीड्सचाही बाजार तेजीत आला. योजनेच्या नावातच 'मुफ्त बिजली' आहे. म्हणजे महिन्याला ३०० युनिटपर्यंतची वीज. पॅनेलचे पैसे भरायचेच असतात, सबसिडी मागून खात्यात येते. जाहिरात करणारे हा फरक सोयीने गाळतात. मग फॉर्म भरलेले काका आमच्या ऑफिसातून फोन करणाऱ्या ताईंना गुजरातीत विचारतात, "पेनल मफत छे ने?", म्हणजे पॅनेल फुकट आहे ना? नाही म्हटलं की फोन कट. नंबर खरा, नाव खरं, इच्छाही खरी! विकणाऱ्याच्या लेखी ही चोख लीड, बदलून मिळणार नाही. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट मागतो.

आता भाव. समजा, एकाची यादी ४० रुपयांना एक नाव, ५०० नावं: २०,००० रुपये. दुसऱ्याची ३५० रुपयांना एक, ६० नावं: २१,०००. पहिली स्वस्त वाटते ना? पण फोन करणाऱ्या माणसाचा पगार धरा. महिन्याला १५,०००, कामाचे दिवस २५, दिवसाला १०० फोन: म्हणजे एक फोन ६ रुपयांना पडला. एकेका नावामागे तीनदा तरी फोन लावावा लागतो, हे १८ रुपये. ४० ची लीड झाली ५८ ची, ५०० नावांचे २९,००० आणि ताईंचे पंधरा दिवस त्यातच गेले. दुसरी यादी २२,०८० मध्ये दोन दिवसांच्या आत संपते. पहिलीतून दोन ऑर्डर आल्या तर एक पडली १४,५०० ला. दुसरीतून चार आल्या तर ५,५२० ला. माझ्या वहीत लीडच्या भावाचा रकानाच नाही, ऑर्डरमागे किती गेले तो आहे.

महाग लीड चांगलीच असते असं मात्र नाही. तीच लीड आणखी चार जणांना विकली असेल तर ३५० रुपये पाण्यात. एकाच स्थळाला पाच घरच्या पत्रिका जाव्यात तसं होतं, आणि मुलीकडचे वैतागून कोणालाच भेटत नाहीत. त्यामुळे 'फक्त तुम्हालाच' हे तोंडी नको, बिलावर लिहून हवं.

यादी हातात आली की आधी एक्सेलमध्ये बघायचं. एकच नंबर दोन नावांवर आहे का, ६ ते ९ सोडून दुसऱ्याच आकड्याने सुरू होणारे मोबाइल आहेत का, आपलेच जुने ग्राहक आत आहेत का. मग ताईंचे तीन प्रश्न: घर स्वतःचं का भाड्याचं, लाइटबिल कोणाच्या नावावर, दोन महिन्यांचं बिल किती. यात मधला प्रश्न सगळ्यात जास्त नावं खातो. आमच्या रावपुरा-दांडिया बाजार भागात आडनाव बघून मला आशा वाटते, मराठीत बोलता येईल म्हणून. पण वाडा तीन भावांचा, मीटर अजून आजोबांच्या नावावर आणि गच्चीवर हक्क कोणाचा यावर घरात बोलणं बंद. माणूस अगदी गोड बोलतो, चहाला बोलावतो. काम मात्र मीटरचं नाव बदलल्याशिवाय पुढे सरकत नाही. गोत्री, भायली बाजूच्या सुट्या बंगल्यांची वीस नावं मला अशा शंभरांपेक्षा परवडतात.

आणि स्वस्त यादीत एक खर्च आहे जो बिलात दिसत नाही. ज्याने संमती दिलेली नाही, तो १९०९ या नंबरवर तक्रार करू शकतो. ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी कडक केले: नोंदणी न करता जाहिरातीचे फोन करणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई होऊ शकते. साध्या दहा आकडी मोबाइलवरून असे फोन करायचेच नाहीत, नोंदणी करून १४० ने सुरू होणारा नंबर घ्यायचा. यादी विकणारा यातलं काही सांगत नाही, कारण नंबर बंद पडला तर आपला पडतो.

सध्या एकाशी बोलणं चालू आहे. मी म्हटलं, साइट व्हिजिट झाली, म्हणजे आम्ही घरी जाऊन छत बघितलं, तरच पैसे. तो नाही म्हणाला, आणि त्याच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. त्याने चांगला माणूस आणून दिला आणि आम्ही चार दिवस फोनच केला नाही, तर त्याचा काय दोष? शेवटी वीस नावं नमुन्याला घ्यायची ठरली, पूर्ण भावाने, पण ती मी निवडणार: त्याच्या गेल्या आठवड्याच्या यादीतून, मला वाटतील त्या तारखांची. चुकीचा नंबर, दुबार नाव आणि भाडेकरू बदलून मिळणार. 'फोन उचलला नाही' यावर अजून घासाघीस चालू आहे.