नियम वाचत उभा राहिलेला धंदा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही आधी मोटर रिवायंडिंग आणि कारखान्यांच्या वायरिंगची कामं करायचो. 2015 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम आणले आणि आम्ही सोलरकडे वळलो. दिवसा गच्चीवर तयार झालेली जादा वीज लाईनला सोडायची, तेवढी युनिटं बिलातून वजा व्हायची. बॅटरीचा खर्च गेला, म्हणूनच साध्या घराला हे परवडू लागलं.

सुरुवात जड गेली. एका डीपीच्या (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या) क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंतच सोलर जोडायची मुभा होती. गल्लीत कुणी आधी मोठी सिस्टीम बसवली की मागून येणाऱ्याला जागा उरायची नाही. 2019 च्या अखेरीस ही मर्यादा 70 टक्के झाली.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. 31 डिसेंबर 2020 ला केंद्राने वीज ग्राहक हक्क नियम काढले आणि त्यात नेट मीटरिंग 10 किलोवॅटपर्यंतच असं आलं. आमची मोठी कामं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपची. मालक मंडळी म्हणायला लागली, "नियम बदलाय लागलाय, जरा दम खाऊया." राज्याचे नियम वेगळे आहेत हे समजावून सांगितलं, पण लाखांची गुंतवणूक करणारा माणूस शंका असताना पुढे येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. जून 2021 मध्ये दुरुस्ती झाली: 500 किलोवॅट किंवा मंजूर भार (वीज कंपनीने त्या जोडणीला मंजूर केलेली कमाल क्षमता), यातलं जे कमी असेल ते. त्या अधिसूचनेच्या प्रती काढून आम्ही शिरोलीत दारोदार फिरलो. थांबलेली कामं त्यातूनच हळूहळू सुटली.

तोवर खर्च वाढला. ऑक्टोबर 2021 पासून सोलरच्या मालावर जीएसटी 5 चा 12 टक्के झाला, एप्रिल 2022 पासून आयात पॅनेलवर 40 टक्के सीमाशुल्क लागलं. देशात कारखाने उभे राहावेत हा हेतू मला पटतो. पण आधीच्या दराने कोटेशन दिलेल्या छोट्या ठेकेदाराला तो फरक खिशातून भरावा लागतो, हेही धोरण ठरवताना बघितलं पाहिजे.

2024 ने मात्र चित्र पालटलं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आलं, त्याची चर्चा सगळीकडे झाली. माझ्या मते त्याहून मोठा बदल त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्राच्या नियमांत झाला. गिऱ्हाईकानं बिल पुढे केलं की मी रकमेच्या आधी 'मंजूर भार' बघतो. जुन्या पेठांतल्या घरांत तो पुष्कळदा एकच किलोवॅट असतो. पूर्वी त्याहून मोठं सोलर बसवायचं तर आधी भार वाढवायचा वेगळा अर्ज, मग तांत्रिक तपासणी, मग सोलरचा अर्ज. आता 10 किलोवॅटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तपासणीशिवाय मंजूर धरला जातो आणि लागेल तेवढा भार वीज कंपनीच वाढवून देते. पेन्शनवर राहणाऱ्या आजींचे हेलपाटे यानं वाचले.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी पुन्हा 5 टक्के आहे. पूर्ण ठेक्यात 70 टक्के माल आणि 30 टक्के सेवा धरतात, सेवेवर 18 टक्के लागतो. म्हणजे एकूण कर 13.8 वरून 8.9 टक्क्यांवर आला. आता लक्ष 1 जून 2026 कडे आहे, कारण तेव्हापासून पॅनेलमधल्या सेललाही (वीज तयार करणाऱ्या छोट्या चकत्यांनाही) सरकारी मान्यताप्राप्त यादी लावायचं ठरलंय, म्हणजे यादीतल्याच उत्पादकांचे सेल चालणार. म्हणून हल्ली आमच्या प्रत्येक कोटेशनवर पॅनेल कुणाचं, त्यातला सेल कुठला आणि दर कोणत्या तारखेपर्यंत, या तीन गोष्टी ठळक लिहिलेल्या असतात.