घाट, आत्या आणि जळकं ऑइल

घाटातल्या तिसऱ्या वळणावर आत्याने काच वर केली, पुन्हा खाली घेतली, पुन्हा वर केली. "वास बाहेरचा नाही रे. काच लावली की जास्त येतो."

मी पुढच्या ट्रककडे बोट दाखवलं. रांगत्या ट्रकमागे अडकलं की जगातल्या सगळ्या वासांचं खापर त्याच्यावर फोडता येतं. खरं तर हा वास मला चार दिवसांपासून येत होता. निघण्याआधी सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. ऑइल ओतताना थोडं इंजिनावर सांडलं असेल, जळून जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. सांडलेलं ऑइल जळून जातंही, पण त्याचा वास दिवसागणिक कमी होतो. हा वाढत चालला होता.

ट्रकला मागे टाकलं, रस्ता मोकळा मिळाला आणि वास गेला. "बघ, ट्रकचाच होता," असं म्हणतोय तोवर पुढे रस्त्याचं काम लागलं. गाडी थांबली आणि अर्ध्या मिनिटात वास हजर. समोर आता कुणीच नव्हतं.

वास कसला यापेक्षा तो कधी येतो, हे आधी बघायला हवं होतं. गाडी पळत असताना बोनेटखालची गरम हवा वारा मागे ओढून नेतो. थांबलं की ती वर चढते, आणि केबिनसाठी हवा आत घेणारी जाळी असते नेमकी पुढच्या काचेच्या बुडाशी. मी आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं. वास ओसरला. म्हणजे बोनेटखालीच काहीतरी होतं.

माथ्यावर सपाट जागा बघून थांबलो. ढग खाली उतरले होते, दरी मधूनच दिसत होती. दरी आत्याने पाहिली. मी बोनेट उघडलं.

चढावर आधी क्लचचा संशय येतो, पण क्लच जळला की कागद नाहीतर दोर जळल्यासारखा वास येतो. कूलंटचा गोडसर असतो. हा जड होता, घशाशी बसणारा. आत्याला ॲक्सिलरेटर दाबायला लावून मी मागे उभा राहिलो. सायलेन्सरमधून निळसर धूर नाही, म्हणजे ऑइल इंजिनाच्या आत जळत नव्हतं, बाहेर कुठेतरी गरम भागावर पडत होतं. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढली. नुकतंच भरलेलं ऑइल वरच्या खुणेच्या जरा खाली आलं होतं.

गळती शोधताना माझी नेहमी एक चूक होते. खालून डोकावलं की ऑइल फिल्टर, तळाचं ऑइल चेंबर, सगळंच ओलं दिसतं आणि मी बिचाऱ्या फिल्टरला धरतो. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा. बॅटरीच्या उजेडात तो दिसला: टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कडेला धूळ चिकटलेली काळी रेघ, आणि तिच्या बरोबर खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारा नळ. चढावर तो काही शे अंशांपर्यंत तापतो, आणि इंजिन ऑइलची वाफ साधारण 200 अंशांच्या पुढे ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते. हे आठवल्यावर दरी बघायची उरलीसुरली हौसही गेली.

धूर निघत असता तर मी गाडी तिथेच सोडली असती. पण नुसता ओलावा होता, ऑइलचा लाल दिवाही लागलेला नव्हता. इंजिन निवल्यावर चिंधीने पुसलं, ऑइलची पातळी सारखी केली आणि हळूहळू उतरलो.

पलीकडच्या गावातल्या मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारला, "दादा, बोल्ट आवळले नाहीत ना?" नव्हते आवळले, मोह मात्र झाला होता. जास्त आवळलं की पॅकिंग चेपतं, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. त्यांनी कव्हर काढलं. रबराचं पॅकिंग प्लास्टिकसारखं कडक झालेलं, काढताना दोन तुकडे झाले. स्पार्क प्लगच्या खळग्यांतही ऑइल उतरलेलं.

मला वाटलं, आता नवं पॅकिंग की काम संपलं. त्यांनी मात्र इंजिनातल्या वाफांना वाट देणारा पीसीव्ही व्हॉल्व काढून कानाजवळ हलवला. चांगला असेल तर खुळखुळतो. हा मुका होता. इंजिनात कोंडलेल्या वाफांची वाट तुंबली की दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. तोच ठेवून नवं पॅकिंग घातलं असतं तर तेही लवकरच गळायला लागलं असतं. मग व्हॉल्व नवा, प्लगच्या खळग्यांची सीलं नवी, कव्हरच्या कोपऱ्यांतल्या सांध्यांवर सीलंटचा ठिपका, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने. सीलंट सुकेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही, अशी तंबी मिळाली.

मॅनिफोल्ड पुसला तरी कोपऱ्यांत मुरलेलं ऑइल दीड दिवस वास देत राहिलं. प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा. पण तो विरत गेला.

परतीला तोच घाट, पुन्हा ट्रकची रांग. चढावर अर्धा क्लच दाबून मी गाडी इंच इंच पुढे सरकवत होतो. आत्याने नाक वर केलं.

"आता कागद जळल्यासारखा येतोय."

मी हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला टाकली आणि क्लचवरचा पाय काढला.