नारळाला डोळे असतात म्हणे

पाडव्याला घेतलेली गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांची असताना, गुहागरला मावशीच्या आगरात उभी होती. दुपारी जेवून आम्ही ओटीवर लवंडलो होतो. वारा सुटला आणि धाडकन आवाज आला. आगरात असे आवाज येतच असतात, त्यामुळे कुणी मानही वळवली नाही. थोड्या वेळाने मावसभाऊ बाहेरून ओरडला, "दादा, तुझी गाडी!"

उंच माडावरचा नारळ सोडणासकट टपाच्या पुढच्या कडेवर आपटला होता, तिथून काचेवर, काचेवरून बॉनेटवर, आणि मग गडग्याशी जाऊन निवांत बसला होता. टपाला वाटीएवढा खड्डा, काचेवर कोळ्याचं जाळं, बॉनेटवर उथळसा पोचा. मावशी म्हणाली, "नारळाला डोळे असतात रे, माणसाच्या डोक्यावर कधी पडत नाही." असेल. गाडीचं कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.

शृंगारतळीतल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. मला वाटलं होतं, येऊन आतून दोन ठोके मारून टप वर काढेल. तो म्हणाला, "भाऊ, हात लावू नका. आधी फोटो काढा, माड पण दिसू दे. मग कंपनीला फोन." तो एक गिऱ्हाईक घालवत होता, पण सल्ला सोळा आणे खरा. विमा कंपनीने पाहण्याआधी दुरुस्ती केली, तर क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.

हेल्पलाइनवर क्लेम नोंदवला. तडा नेमका चालकाच्या नजरेसमोर, वर पावसाचे दिवस, म्हणून गाडी चालवत नेली नाही. दुसऱ्या दिवशी टोइंगचा ट्रक येऊन ती चिपळूणच्या वर्कशॉपला घेऊन गेला. तोवर टपावर रंग उडाला होता तिथे प्लास्टिक चिकटवून ठेवलं. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा तांबायला वेळ लागत नाही.

वर्कशॉपचा सल्लागार तरुण होता पण मुरलेला. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून विम्याचे फॉर्म डोळे मिटून भरतो, म्हणाला. फॉर्मवर 'चालकाचे नाव' आणि 'वाहनाचा वेग' असे रकाने. "सर, गाडी उभी होती असं लिहा. लायसन्सची झेरॉक्स मात्र लागेलच." लावली. झोपलेल्या माणसाचं लायसन्स.

लगे हात मी मागच्या बंपरवरचा ओरखडाही दाखवला. तो व्याडेश्वराच्या देवळाजवळ कुणीतरी महिन्यापूर्वी काढून ठेवलेला. सल्लागार हसला. ती वेगळी घटना, तिचा क्लेम वेगळा आणि दर क्लेमला आपल्या खिशातून जाणारे हजार रुपयेही वेगळे. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला ही सक्तीची रक्कम 1,000 आहे, त्यावरच्या गाडीला 2,000. ओरखडा अजून तसाच आहे.

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने व्हिडिओ कॉलवर गाडी पाहिली. टप, काच, बॉनेट, चासी नंबर, सगळं झाल्यावर म्हणाला, "पडलेला नारळ दाखवा." मी गार. मावशीला फोन केला. नारळ आदल्या रात्रीच खवून फणसाच्या भाजीत गेला होता. शेवटी मावसभावाने मागीलदारातून सोडणाचा फोटो पाठवला, एका बाजूला चेपलेला आणि रंगाचा रुपेरी डाग लागलेला. सर्व्हेअरचं समाधान झालं.

क्लेम करायचा की नाही, हा हिशेब खरं तर मी त्याआधीच केला होता. एस्टिमेट 31,400 रुपयांचं. क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल पुढच्या प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो. पहिल्या वर्षाचा तो 20 टक्के, आणि तोही फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर. थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागाला तो लागूच नाही. माझ्या बाबतीत ते 2,700 होत होते, म्हणजे क्लेम करणंच शहाणपणाचं. नुसता बॉनेटचा पोचा असता तर गपचूप पैसे देऊन मोकळा झालो असतो. आणि ज्या झिरो डेपचं, म्हणजे घसारा कापू न देणाऱ्या जादा विम्याचं, शोरूममध्ये इतकं कौतुक ऐकलं, त्याने माझे दोन हजारसुद्धा वाचले नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीच्या पत्र्यावर घसारा नसतोच, काचेवर कधीच नसतो. कापला जातो तो प्लास्टिक-रबरावर आणि रंगाच्या सामानावर, दोन्हीकडे निम्मा. गाडी जुनी होईल तसा त्याचा खरा उपयोग.

काच यायला आठ दिवस गेले. मधे एकदा चक्कर टाकली तेव्हा डेंटर काम करत होता. छताचं आतलं अस्तर उतरवलेलं, खड्डा आतून बराचसा वर आलेला. त्याने ट्यूबलाइट टपाजवळ धरली. पत्र्यात तिची सरळ रेघ दिसायची आणि एका जागी किंचित लचकायची. तिथे तो तळवा फिरवी, पातळ लांबी (पुट्टी) लावी, घासून पुन्हा ट्यूब धरी. रेघ सरळ होईपर्यंत रंगाला हात नाही. बॉनेटचा पोचा मात्र मागून सळ्या घालून, रंगाला धक्का न लावता काढला.

अकराव्या दिवशी गाडी तयार. सही करण्याआधी मी पाइपने काचेवर पाणी मारायला सांगितलं. सल्लागाराचा चेहरा पडला, पण मारलं. डाव्या कोपऱ्यातून डॅशबोर्डवर बारीक ओघळ आला. काच पुन्हा काढून बसवली, आणखी एक दिवस गेला. कोकणातल्या पावसात ते घरी कळलं असतं तर! मी भरले एकूण 1,740 रुपये: सक्तीचे हजार, बाकी विम्यात न बसणारं किरकोळ सामान.

एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. फास्टॅग जुन्या काचेबरोबर गेला होता. ते मला कुंभार्ली घाट चढून, सातारा ओलांडून, आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत कळलं.

परवा पुन्हा गुहागरला गेलो. गाडी बाहेर रस्त्यावर उन्हात लावली. मावशीला ते बघवेना. म्हणाली, "अरे, रंग जाईल उन्हाने. आत घे की, माडाखाली नको तर तिकडे फणसाखाली लाव."