गेट लावलेलं असताना चेनचा अलार्म का येतो

चाकणच्या एका वेल्डिंग सेलवर, म्हणजे रोबोट काम करतो त्या कुंपण घातलेल्या जागेवर, फानुकचा आर-३०आयए कंट्रोलर आहे. ऑटोमध्ये व्यवस्थित चालता चालता रोबोट मधूनच थांबायचा आणि पेंडंटवर (रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनेलवर) दोन ओळी दिसायच्या : एसआरव्हीओ-२३०, चेन १ अबनॉर्मल, आणि एसआरव्हीओ-२६६, फेन्स १ स्टेटस अबनॉर्मल. शिफ्टमध्ये दोन-तीनदा, वेळ ठरलेली नाही. शोधायला दोन दिवस लागले. पहिला दिवस चुकीच्या तारेवर गेला, कारण अलार्मच्या नावात ‘चेन १’ आहे म्हणून आम्ही चेन १ तपासत बसलो.

फेन्सचा, म्हणजे कुंपणाच्या गेटवरच्या स्विचचा, सिग्नल कंट्रोलरमध्ये दोन वाटांनी येतो. या वाटा म्हणजेच चेन १ आणि चेन २. ईएएस१ आणि ईएएस११ या टर्मिनलांची जोडी चेन १ ची, ईएएस२ आणि ईएएस२१ ही चेन २ ची. बाहेरच्या इमर्जन्सी बटणांसाठी अशाच ईईएस१-ईईएस११ आणि ईईएस२-ईईएस२१. गेट उघडलं की दोन्ही जोड्या ओपन व्हायला हव्यात, लावलं की दोन्ही क्लोज, आणि दोघींमध्ये २०० मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडता कामा नये. दोन्ही एकदम ओपन झाल्या तर साधा एसआरव्हीओ-००४, फेन्स ओपन येतो. गेट लावून रिसेट दाबलं की काम सुरू. एक ओपन आणि दुसरी क्लोज राहिली, तर मात्र चेनचा अलार्म लॅच होतो, म्हणजे धरून राहतो, आणि नुसत्या रिसेटने जात नाही.

इथे एक सांगून ठेवतो. कॉन्टॅक्टबद्दल बोलताना ‘बंद’ हा शब्द वापरूच नका. फोनवर कुणी म्हणालं, ‘चेन दोन बंद आहे’, तर ऐकणारा तिला तुटलेली समजतो आणि सांगणाऱ्याला जुळलेली म्हणायचं असतं. गेट उघडं किंवा लावलेलं, कॉन्टॅक्ट ओपन किंवा क्लोज.

आता २३० चा अर्थ : चेन १ क्लोज राहिली, चेन २ ओपन झाली. २३१ म्हणजे बरोबर उलट. दोघींपैकी खोटं कोण बोलतंय, हे नंबर सांगत नाही. ते एका प्रश्नावर ठरतं : अलार्म आला तेव्हा गेट खरंच कुणी उघडलं होतं का?

उघडलं असेल, तर चेन २ ने तिचं काम केलं आणि चेन १ ओपन व्हायला हवी होती ती झाली नाही. हा धोक्याचा प्रकार. रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटलेला असतो, केबल चेपून दोन तारा एकमेकींना लागलेल्या असतात, किंवा ईएएस१ आणि ईएएस११ मध्ये कुणीतरी लूप मारलेला असतो. कंट्रोलर कारखान्यातून येतो तेव्हा या टर्मिनलांवर जंपर (दोन टर्मिनलं जोडून ठेवणाऱ्या छोट्या तारा) असतात आणि जोडणीच्या वेळी ते काढायचे असतात. एका जोडीवरचा राहून गेला किंवा रात्रपाळीत पुन्हा लावला गेला, तर पुढच्या वेळी गेट उघडताच हा अलार्म येणारच. म्हणून गेट उघडल्यावर आलेल्या २३० ला मीटर काढण्याआधी टर्मिनल डोळ्यांनी बघावं.

गेट कुणीच उघडलं नसेल, तर चेन १ बरोबर आहे आणि चेन २ विनाकारण तुटते आहे. आमचा फॉल्ट हाच होता. शोधायचं होतं ते ईएएस२-ईएएस२१ च्या वाटेवर.

रिसेट करण्याआधी अलार्मची हिस्टरी उघडून आगेमागेच्या सगळ्या ओळी वेळेसकट लिहून घेतल्या. २३० एकटा फारसा काही सांगत नाही. सोबत २६६ किंवा २६७ असेल तर फेन्स, २७० किंवा २७१ असेल तर बाहेरची इमर्जन्सी. त्या वेळा प्रोग्रामशी ताडल्यावर दिसलं की थांबा नेहमी पोझिशनर (वेल्डिंगचा जॉब फिरवणारं टेबल) फिरून जागेवर बसतो त्याच सुमारास येतो. गेट पोझिशनरला लागूनच आहे.

मग मेन ब्रेकर ऑफ, कुलूप, टॅग, आणि व्होल्टेज नसल्याची मीटरने खात्री. ईएएसच्या चारही तारा टर्मिनलवरून सोडवल्या. गेट लावलेलं असताना दोन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स एक-दोन ओहमच्या आसपास आणि एकमेकींच्या जवळ आला. एका जोडीतून दुसरीकडे आणि प्रत्येक तारेतून अर्थिंगकडे काहीच जोड नव्हती. हे सगळं साध्या मल्टिमीटरने करावं. बोर्डाला तारा जोडलेल्या असताना मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावला तर बोर्ड जातो. तारांच्या टोकांवरचे फेरूल ओढून पाहिले, एकही सैल नव्हता.

थांबलेल्या सेलवर सगळं ठीक दिसणार, हे अशा फॉल्टचं वैशिष्ट्यच. कॉन्टॅक्ट क्षणभर सुटतो आणि मीटरची बीप तो क्षण पकडत नाही. त्यामुळे तारा परत लावल्या, आणि फेन्सच्या बाहेरच्या जंक्शन बॉक्समध्ये गेट स्विचकडून येणाऱ्या चेन २ च्या दोन टर्मिनलांवर मीटर डीसी व्होल्टला लावून त्याची मॅक्स (सर्वांत मोठ्या आकड्याची) नोंद चालू ठेवली. कॉन्टॅक्ट क्लोज असेल तर तिथे जवळजवळ शून्य, ओपन झाला तर २४ च्या आसपास. यातून दोन्ही बाजूंचा निकाल लागतो. अलार्म आला आणि मॅक्समध्ये २४ दिसले, तर दोष बॉक्सच्या पलीकडे, स्विचच्या बाजूला. अलार्म येऊनही आकडा शून्याजवळच राहिला, तर बॉक्स ते कंट्रोलर. पुढच्या थांब्याला २४ दिसले.

स्विच जिभेचा होता : गेटवर लोखंडी जीभ, चौकटीवर स्विच. गेट बिजागरीवर खाली बसलं होतं, जिभेच्या खालच्या कडेवर घासल्याची चकचकीत रेघ होती. लावलेलं गेट हाताने हलवलं तर पाच-सहा मिलिमीटर मागेपुढे व्हायचं. स्विचच्या आतले दोन कॉन्टॅक्ट अगदी एकाच क्षणी सुटत नाहीत, थोडा फरक असतोच. जीभ पूर्ण आत असेल तर त्याने काही बिघडत नाही. ती अर्धवट बाहेर आलेली असेल तर पोझिशनरच्या धक्क्याने एक सुटतो आणि दुसरा धरून राहतो.

नुसता स्विच बदलला असता तर नवाही काही महिन्यांत तसाच झाला असता. आधी बिजागरीचे बोल्ट आवळून गेट वर उचललं. गेट आपटून थांबायचं ते स्विचवरच, म्हणून वेगळा स्टॉपर आणि खटका बसवला. इंटरलॉक स्विचने गेट अडवायचं काम कधीच करू नये. जीभ वाकली होती, त्यामुळे स्विच आणि जीभ दोन्ही नवीन घेतले. या वाटेवर करंट फार थोडा असतो. मोठ्या कॉन्टॅक्टरचा कॉन्टॅक्ट इथे घातला तर तो थोड्याच दिवसांत दगा देतो, कमी करंटला चालणाराच लागतो. लाइट कर्टनचे (प्रकाशाच्या पडद्याने माणूस आत आल्याचं ओळखणाऱ्या उपकरणाचे) आउटपुटही इथे थेट जोडू नयेत. ते कोरडे, म्हणजे स्वतःचं व्होल्टेज नसलेले, कॉन्टॅक्ट नसतात, मधे सेफ्टी रिले हवा.

चेन रिसेट सर्वांत शेवटी. इमर्जन्सी दाबून ठेवून सिस्टमच्या कॉन्फिग पडद्यावर चेन फेल्युअर रिसेटची ओळ ट्रू करायची, मग इमर्जन्सी सोडून नेहमीचा रिसेट. कारण सापडण्याआधी हे केलं, तर एका चेनवर चालणारा सेल आपणच पुन्हा सुरू करून देतो.

एकाच वाटेवर सिरीजमध्ये दोन-तीन गेट आणि मधे सेफ्टी रिले असेल, तर जास्त जपावं लागतं. एका गेटचा कॉन्टॅक्ट चिकटला, रिलेने फॉल्ट पकडला, आणि कुणी दुसरं गेट उघडून लावलं, तर दोन्ही वाटा एकदा तुटून पुन्हा जुळतात. रिलेला सगळं ठीक वाटतं, चिकटलेला कॉन्टॅक्ट तसाच राहतो. अशा सेलवर गेट एकेक करून, बाकीची लावलेली ठेवून तपासावीत.

सेल ताब्यात देण्याआधी ऑटोमध्ये, आत कुणी नसताना, गेट सावकाश आणि झटक्याने उघडून पाहिलं. दर वेळी फक्त ००४ आला. टी१ मध्ये, म्हणजे पेंडंटवरून हाताने चालवायच्या टेस्ट मोडमध्ये, ही तपासणी करून उपयोग नाही. तिथे वेग २५० मिलिमीटर प्रति सेकंदावर बांधलेला असतो आणि फेन्स उघडल्याने रोबोट थांबत नाही. मग पॉवर ऑफ करून ईएएस१ ची तार मुद्दाम सोडली, चालू केल्यावर २३१ आला. ती लावून, चेन रिसेट करून, पुन्हा पॉवर ऑफ केली आणि ईएएस२ ची सोडली : २३०. दोन्ही वाटांवर कंट्रोलरचं लक्ष आहे, हे एवढ्यावरून कळतं. ती तारही परत लावली, ओढून पाहिली, आणि जिभेची नवी जागा चौकटीवर पंचने खुणावून ठेवली. गेट पुन्हा खाली बसायला लागलं तर ती खूण अलार्मच्या आधी दिसेल.