बाकड्यावरून थीम पार्क

प्रत्येक मराठी कुटुंबाच्या सहलीत एक माणूस पिशव्या सांभाळायला असतं. बाकीचे पाळण्यात, बोटीत, नाहीतर डोंगरावर. आणि हे माणूस खाली, मांडीवर स्वेटर, पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचा तरी चष्मा घेऊन बसलेलं. आमच्याकडे हे खातं सासूबाईंचं. यंदा उन्हाळ्यात त्या सांगलीहून आमच्याकडे आइंडहोव्हनला आल्या आणि लेकीने आजीसमोर नकाशा पसरला: एफ्टेलिंग, फांटाझियालांट, युरोपा पार्क, डिस्नेलँड पॅरिस. नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स असा गाडीने एक वळसा आणि परत घरी. सासूबाई नकाशाकडे न बघताच म्हणाल्या, "चला की. मी आपली बसेन कुठंतरी."

या पार्कांमधल्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगाने आहेत. किती उंच, किती वेगाने, किती वेळा उलटं, सगळं मिळतं. पण जे माणूस कशातच बसणार नाही, त्याचा दिवस कसा जातो हे कुणी सांगत नाही. माझं मत असं झालंय की पार्कचा खरा कस तिथंच लागतो. वेगात पाडून किंचाळायला लावणं हे लोखंडाचं काम आहे. बाकावर बसलेल्या बाईला संध्याकाळपर्यंत कंटाळा येऊ न देणं जास्त अवघड.

पहिलं एफ्टेलिंग, आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत. कात्सह्योफेल नावाच्या गावाला लागून झाडीत वसलेलं हे पार्क १९५२ साली परीकथांचं जंगल म्हणून सुरू झालं, तेव्हा त्यात दहा कथा होत्या. चित्रं काढली आंतोन पीक या चित्रकाराने, आणि त्यातली यंत्रं हलती-बोलती केली पेटर रेंडर्स यांनी. त्या दहांतला लांग्नेक, म्हणजे लांब मानेचा माणूस, अजून तसाच बसलाय. मान हळूहळू वर काढतो, काढतो, झाडांच्या फांद्यांत नेतो आणि पुन्हा खाली आणतो. बस, एवढंच. पण त्याच्यासमोर पोरं आणि आजोबा सारख्याच आ वासून उभे. मालकीही एका प्रतिष्ठानाची आहे, आणि ते जाणवतं. इथं झाडं तोडून राइड बसवलेली नाही, झाडांना वळसा घालून बसवली आहे.

आम्ही मायलेकी बॅरन १८९८च्या रांगेत गेलो. खाणीच्या गोष्टीवर रचलेला हा कोस्टर माणसाला वरच्या टोकाला नेऊन कड्यावर क्षणभर लोंबकळत ठेवतो. खाली जमिनीतलं काळं भोक दिसत असतं. मग साडेसदतीस मीटर सरळ उभं त्या भोकात. लेक ओरडली, मी ओरडायचंच विसरले. नवऱ्याला गोल फिरलेलं सोसत नाही, आणि हेही त्याने नको म्हटलं, म्हणून तो आईसोबत थांबला होता.

बाहेर आलो तर दोघं बाकावर नाहीत. सापडले होले बोले खाइसपाशी. हा एक जाडजूड, कायम भुकेला पुतळा. तोंड सताड उघडं, आणि "पापीर हीर!" म्हणजे कागद इकडे, अशी त्याची अखंड आरोळी. तोंडाजवळ कागद नेला की आत सर्रकन ओढून घेतो आणि आभार मानतो. म्हणजे हा कचऱ्याचा डबा आहे, फक्त त्याला पोट, आवाज आणि रीतभात दिलेली आहे. पोरं त्याला भरवायला म्हणून जमिनीवरचे कपटे शोधत फिरतात. सासूबाईंनी पिशवीतलं भडंग संपवलं होतं आणि ते ज्या सांगलीच्या पेपरात बांधलं होतं तो कागद त्याला भरवत होत्या. एकदम नाही, फाडून, एकेक तुकडा. प्रत्येक तुकड्याला तो "डांक यू वेल" म्हणे आणि या मान डोलावत. शेजारी एक डच पोरगं रिकाम्या हाताने आशाळभूतपणे उभं होतं. त्याच्या हातावरही एक तुकडा ठेवला. त्यात बहुधा वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात होती.

तिथून पुढे त्यांना बाकावर बसवणं आम्हालाच जमेना. एकेकाळी वाफेच्या इंजिनावर फिरणारं, शंभरी ओलांडलेलं लाकडी मेरी-गो-राउंड आहे, त्यात घोड्यावर नाही पण गाडीत बसून दोन फेऱ्या झाल्या. पॅगोडा नावाचं एक तरंगतं देऊळ आहे, ते सगळ्या माणसांसकट हळूच ४५ मीटर वर जातं आणि गोल वळून आसपासचा सपाट मुलूख दाखवतं. "विमानातनं आलेय मी, याचं काय एवढं," म्हणत त्या पुढच्या रांगेत बसल्या. आणि १९६६ पासून सुरू असलेला 'भारतीय कमळां'चा खेळ: अंधाऱ्या गुहेत तळं, हंसांचा वाद्यवृंद, गाणारे बेडूक आणि कमळांवर नाचणाऱ्या पऱ्या. गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओला यांची. भारतीय म्हणावं असं त्यात मला काही सापडलं नाही. सासूबाईंना त्याची फिकीर नव्हती. बेडकांवर त्या फार खूश झाल्या.

फांटाझियालांटचा रंग अगदी वेगळा. कोलोनजवळच्या ब्रूल गावातलं हे पार्क १९६७ मध्ये सुरू झालं. संस्थापकांपैकी रिशर्ड श्मिट हे बाहुल्यांचे खेळ करणारे. आता अडचण अशी की पार्कला जागा थोडी आणि शेजारी वस्ती. फार उंच जायचं नाही, आवाज करायचा नाही. मग त्यांनी काय केलं, तर खाली खोदलं आणि सगळं एकमेकांत गुंतवलं. टारोन हा २०१६चा कोस्टर बघा. क्लुगहाइम नावाचं काळ्या खडकांचं खोटं गाव आहे, त्याच्या घरांतून, पुलांखालून, आपल्या डोक्यावरून तो ताशी ११७ किलोमीटरने जातो. त्याचा रूळ शंभराहून जास्त ठिकाणी स्वतःलाच ओलांडतो. बसणाऱ्याला यातलं निम्मंही कळत नाही, डोळ्यांतून पाणी येत असतं. खरा खेळ बाकावरून दिसतो. गाडी कुठून येईल याचा अंदाज बांधायचा आणि दर वेळी ती दुसरीकडूनच यायची. सासूबाई आणि शेजारच्या बाकावरचे एक जर्मन आजोबा बोटं दाखवून पैज लावल्यासारखं करत होते. भाषेची गरज पडली नाही.

फ्लाय या दुसऱ्या कोस्टरपाशी मात्र त्यांची नोकरीच गेली. त्यात माणूस पालथा, उडत्या पक्ष्यासारखा झोपतो, त्यामुळे खिशात काही म्हणजे काही चालत नाही. लॉकर दिलेले आहेत आणि पुढे विमानतळासारखी धातूची तपासणी. "मग मी इथं कशाला?" हा प्रश्न रास्त होता.

म्हणून त्यांना उंदरांवर सोडलं. 'माउस ऑ शोकोला' या राइडमध्ये एका बेकरीत उंदीर घुसलेत, आणि आपण फिरत्या गाडीत बसून, त्रिमितीचा चष्मा लावून, केकवर नक्षी काढायच्या पिशवीसारख्या बंदुकीने त्यांच्यावर चॉकलेट उडवायचं. समोर प्रत्येकाचे गुण दिसतात. पहिल्या खोलीत त्या नुसत्या बघत होत्या. दुसरीत नेम लागला. तिसरीपर्यंत चष्म्यावर चष्मा नीट बसवून, पदर खोचून, दात-ओठ खात त्या मुलाच्या पुढे गेल्या होत्या. वाड्याच्या कोठीत पोत्यांमागचे उंदीर हाकलण्यात ज्यांची निम्मी उमर गेली, त्यांना कॉम्प्युटरचे उंदीर काय जड! नवरा अजून म्हणतो की त्याची बंदूक बिघडली होती.

तिथून दक्षिणेला लांबचा प्रवास, ऱ्हाईनच्या काठाने, फ्रान्सच्या सीमेजवळ रुस्ट गावापर्यंत. युरोपा पार्कमागे माक घराणं आहे. १७८० पासून गाड्या बनवणारं, पुढे सर्कशीचे आणि जत्रेचे वॅगन, मग पाळणे आणि कोस्टर. १९७५ साली त्यांनी हे पार्क काढलं ते आपला माल गिऱ्हाइकांना चालता दाखवता यावा म्हणून. हे धंद्याचं मूळ आजही दिसतं: सगळं वेळेवर, रांगा भराभर सरकणाऱ्या, यंत्रांना तेलपाणी केलेलं. सिल्व्हर स्टार ७३ मीटर उंच आहे आणि वरून पलीकडची शेतं दिसतात, बघायची शुद्ध असेल तर. २०२४चा व्होल्ट्रॉन निकोला टेस्ला या संशोधकाच्या गोष्टीवर रचलेला. तो माणसाला उभ्या रेषेच्याही पलीकडे, १०५ अंशांत कललेल्या रुळावर फेकतो. लेकीला इथून हलवताना नाकी नऊ आले.

पण इथली खरी गंमत म्हणजे पार्क देशांमध्ये वाटलेलं आहे. इटली, ग्रीस, पोर्तुगाल, आइसलँड, स्वित्झर्लंड. आमच्याकडे पाहुणे येतात ते पॅकेज टूरने दिवसाला एक देश उरकत आणि बसमध्ये डुलक्या काढत. सासूबाईंनी इथं मोनोरेलमध्ये बसून तेच काम एका दुपारी केलं, चहा पीत, पाय लांब करून. मध्येच १५व्या शतकातला एक खराखुरा किल्लेवजा वाडा आहे, पार्कच्या कितीतरी आधीचा, त्याच्याभोवती बाग आणि पाणी. तिथले बाक चारही पार्कांत सर्वोत्तम: सावलीत, पाठीला टेकण असलेले, समोर फुलं. समुद्री चाच्यांची बोटीची राइड २०१८च्या आगीत जळाली होती, ती २०२०मध्ये पुन्हा उभी केली. हळू चालते, म्हणून त्यातही त्या बसल्या. देखणं आहे सगळं. तरी मला हे पार्क एफ्टेलिंगइतकं लागलं नाही. इथं कौतुक वाटतं, लळा लागत नाही.

डिस्नेलँड पॅरिसबद्दल मी थोडक्यात लिहिणार, कारण त्याची माहिती सगळ्यांना असते. १२ एप्रिल १९९२ ला ते उघडलं तेव्हा फ्रान्समध्ये त्याला 'सांस्कृतिक चेर्नोबिल' म्हणून झालं होतं. आता तिथं तुडुंब गर्दी. रांग टाळायला प्रत्येक राइडमागे वेगळे पैसे भरायची सोय आहे, आणि मला ती सोय मुळातच आवडत नाही. उन्हात ताटकळणाऱ्या पोरांच्या शेजारून दुसरी पोरं चालत पुढे जातात, हे बघवत नाही. पण दोन गोष्टींसाठी पैकीच्या पैकी गुण. एक, मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानांमागून जाणारे छताचे रस्ते. इथं पाऊस पडणार हे ओळखून ते आधीच बांधलेत. आमच्या दिवशी सर आली तेव्हा सासूबाई तिथं कोरड्या होत्या आणि आम्ही बिग थंडर माउंटनच्या रांगेत भिजत होतो. हा डोंगर तळ्यातल्या बेटावर आहे आणि गाडी पाण्याखालच्या बोगद्यातून ये-जा करते, त्यामुळे भिजणं माफ. दुसरं, राजवाड्याच्या तळघरातला ड्रॅगन. चालत आत जायचं. साखळदंडात पडलेला, धुसफुसणारा, डोळे उघडणारा. बाकावरच्या माणसांसाठी याहून चांगलं काही तिथं नाही.

दुपारच्या मिरवणुकीला लोक तासभर आधीपासून रस्त्याच्या कडेला बसतात. सासूबाईंचा तासगावच्या रथोत्सवाचा अनुभव दांडगा. त्यांनी एकदा रस्ता वरून खाली पाहिला आणि वळणाच्या आतल्या बाजूला सतरंजी टाकली. "वळणावर गाडी हळू होते, आणि माणसं आपल्याकडं तोंड करून येतात." तसंच झालं. मागच्या ओळीतल्या स्पॅनिश कुटुंबाने नंतर आमच्या जागेचे फोटो काढले.

कुणी आईवडलांना घेऊन निघणार असाल तर एफ्टेलिंगला पूर्ण दिवस द्या, शक्यतो शाळा चालू असतानाचा, आणि सोबत डबा न्या. ते २०१० पासून बाराही महिने उघडं असतं. जर्मनीतली दोन्ही पार्कं हिवाळ्यानंतर काही काळ बंद असतात, तेव्हा तारखा आधी बघा. आमच्याकडे पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या धाकट्या बहीणबाई येणार आहेत. त्यांना कात्सह्योफेलच्या जाड्याबद्दल फोनवर सांगून झालंय, आणि भडंग प्लास्टिकच्या पिशवीत नको, कागदातच बांधून आण अशी सूचनाही गेली आहे.